साधनांची देवघेव

माहितीपर लेखन साधनांवर उभे राहते. राधानगरीच्या धरणावर, देवीच्या लशीच्या भारतातल्या प्रसारावर किंवा कोकणातल्या जुन्या बंदरांवर लिहायला बसलेल्या लेखकाला एखादे गॅझेटिअर, सरकारी अहवाल, वर्तमानपत्राचा नेमका अंक, कुणाचे तरी आता न मिळणारे आत्मचरित्र आणि दोनचार संशोधनपर लेख लागतात. विद्यापीठात नोकरी करणाऱ्याला यातले बरेचसे संस्थेच्या ग्रंथालयातून मिळते. मराठीत माहितीपर लिहिणाऱ्यांत मात्र शाळाशिक्षक, अभियंते, डॉक्टर, पत्रकार, नोकरीतून निवृत्त झालेले हौशी अभ्यासक असे लोक पुष्कळ, आणि त्यांच्या पाठीशी अशी संस्था नसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यातून खुली होतात. पण ही योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्थांसाठी आखलेली आहे. स्वतंत्र लेखक तिच्या कक्षेबाहेरच राहतो. त्याला अडलेले साधन मिळते ते बव्हंशी दुसऱ्या लेखकाकडून.

इंटरनेटमुळे असे लेखक एकमेकांना सापडू लागले. विकिपीडियाचे संपादक, इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या अभ्यासकांचे गट, गावोगावचे हौशी संशोधक एका जागी येऊ शकतात. मात्र शंभर लेखक एकत्र आले म्हणून त्यांच्या कपाटांतली पुस्तके एकमेकांना उपयोगी पडतात असे नाही. अशा बहुतेक गटांत सण-उत्सवाच्या शुभेच्छा धो धो वाहतात आणि साधनाची विचारणा मात्र उत्तराशिवाय पडून राहते. याचे खापर सहसा लोकांच्या कंजूषपणावर फोडले जाते. प्रत्यक्षात कारण बहुधा रचनेत असते: मागणी कशी होते, दिलेल्याची नोंद कुठे राहते, श्रेय कुणाला मिळते आणि कायद्याची भीती कितपत आहे, यांवर देणाऱ्याचा हात सुटतो किंवा आखडतो.

साधन म्हणजे केवळ पुस्तक नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. पूर्ण ग्रंथाची गरज त्यामानाने क्वचित पडते. बहुतेक वेळा एखाद्या पानाचा फोटो, तळटीप, नकाशा किंवा तक्ता पुरतो. त्याखेरीज ‘अमुक गोष्ट तमुक ठिकाणी आहे’ एवढी खूण हेही साधनच, आणि अनेकदा सर्वांत मोलाचे. तिसरा प्रकार कौशल्याचा. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते बहुतांशी मोडी लिपीत आहेत. मोडी सराईतपणे वाचणारा माणूस गटात असला तर त्याने अर्ध्या तासात लावून दिलेल्या पत्राने दुसऱ्याचा महिना वाचतो. फार्सी, पोर्तुगीज, कानडी येणाऱ्यांचेही तसेच. चौथा प्रकार म्हणजे कुणीतरी आधीच केलेली हमाली: जुन्या जनगणनेतले आकडे तक्त्यात उतरवणे, एखाद्या मासिकाच्या पन्नास वर्षांच्या अनुक्रमणिका एकत्र करणे, गावांची जुनी-नवी नावे जुळवणे. हे काम लेखकाच्या वहीत किंवा संगणकात पडून असते. ते कुणाला हवे असेल असे त्याच्या मनातही येत नाही.

मराठी अभ्यासकांना ही देवघेव नवी नाही. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले ते जुन्या बखरी, कविता आणि पत्रे छापण्यासाठीच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. इतिहास लिहिण्याआधी साधने छापून सर्वांच्या हाती द्यावीत, हा राजवाड्यांचा आग्रह त्या काळी विलक्षणच होता, कारण सापडलेला कागद दाबून ठेवणारा त्याच्यावर एकट्याने ग्रंथ लिहू शकतो आणि छापणारा आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही शस्त्र पुरवतो. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी संस्थानिक पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभांमधून अभ्यासक नवे सापडलेले कागद वाचून दाखवत आणि ते इतिवृत्तांत, त्रैमासिकांत छापले जात. अशा प्रसिद्धीमुळे ‘हे पत्र अमक्याने शोधले’ ही नोंद कायमची होत असे. श्रेयाची खात्री असली की माणूस कागद बाहेर काढतो, हे त्या काळच्या मंडळींना नेमके कळले होते.

अडवणूकही तेव्हाची आजच्यासारखीच होती. कागदांतून जमिनीचे, वतनाचे किंवा घराण्याच्या अब्रूचे प्रश्न उपटतील या धास्तीने अनेक घराणी दप्तरे दाखवत नसत. पेशवे दप्तर तर इंग्रज सरकारच्या ताब्यात, आणि भारतीय अभ्यासकांना तिथे दीर्घकाळ मोकळा प्रवेश नव्हता. ते अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून निवडक स्वरूपात प्रकाशात आले: १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड. याच सरदेसायांची कलकत्त्याच्या जदुनाथ सरकारांशी दशकानुदशके चाललेली मैत्री ही साधनांच्या देवघेवीची नमुनेदार गोष्ट आहे. सरकारांना फार्सी साधनांवर प्रभुत्व होते आणि सरदेसायांना मराठी दप्तरांची नस माहीत होती. एकाच्या अडचणीचे उत्तर दुसऱ्याच्या टेबलावर असे. ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ ही मालाही दोघांच्या देखरेखीखाली निघाली. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांविषयीची माहिती बाहेर काढली नसती, तर पोर्तुगीज न येणाऱ्या मराठी इतिहासकारांना ती बाजू जवळजवळ बंदच राहिली असती. भाषेची भिंत ओलांडून देणारा माणूस कोणत्याही गटात दुर्मीळ असतो आणि त्याच्यावर मागण्यांचा भारही सर्वांत जास्त पडतो.

साधने वाटून घेण्याच्या व्यवहाराला अर्थशास्त्रातही जागा मिळाली आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले की सामाईक कुरण सगळ्यांच्या गुरांनी ओरबाडून संपते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जगभरातली उदाहरणे तपासून दाखवले की पाणी, कुरणे, मासेमारी अशी सामाईक संपत्ती स्थानिक लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ज्ञानालाही हीच दृष्टी लावली. ज्ञान वापरल्याने झिजत नाही. एका लेखाची प्रत हजार जणांनी वाचली तरी मूळ प्रत तितकीच राहते. मग लेखकांच्या गटात संपते ते काय? संपतो तो देणाऱ्यांचा वेळ, आणि त्यांचा विश्वास. पाचपन्नास पानांचे स्कॅन करून पाठवणाऱ्याला ‘मिळाले’ एवढेही उत्तर आले नाही, किंवा त्याने शोधलेला संदर्भ दुसऱ्याच्या लेखात नावाशिवाय दिसला, तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो. हे गप्प बसणे कुणाला दिसत नाही, म्हणून ते धोक्याचे.

गावाकडच्या सावडीशी ही देवघेव बरीच जुळते. आज याच्या शेतावर सगळे राबतात, उद्या त्याच्या. फरक एवढाच की सावडीत परतफेड त्याच हंगामात आणि त्याच माणसाला होते. लेखकांमध्ये ज्याच्याकडून घेतले त्याला परत देण्याची वेळ कदाचित कधी येतच नाही. घेतलेले तिसऱ्यालाच दिले जाते. त्यामुळे कोण किती देतो-घेतो हे सगळ्यांना दिसेल अशी काहीतरी सोय लागते, नाहीतर हिशेब मनातल्या मनात राहून रुसवे साठतात.

विकिपीडियाने ही सोय कशी केली हे पाहण्यासारखे आहे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात (मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून) प्रत्येक विधानाला पडताळता येईल असा संदर्भ असावा असा नियम आहे. संपादकाचे स्वतःचे ज्ञान कितीही पक्के असले तरी तिथे चालत नाही. साहजिकच ज्यांच्याकडे ग्रंथालय नाही अशा हजारो स्वयंसेवकांना संदर्भांची भूक लागली. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी साधन-विनिमयाचे एक पान आहे. संपादक तिथे हव्या असलेल्या लेखाचे किंवा पुस्तकातल्या प्रकरणाचे पूर्ण तपशील देतो आणि कोणत्या विकिपीडिया लेखासाठी ते हवे आहे तेही सांगतो. ज्याच्याकडे साधन असेल तो संपर्क साधून ते खासगीत पाठवतो. स्वामित्वहक्क असलेली प्रत उघड्यावर टाकली जात नाही. काम झाले की विनंतीवर ‘पूर्ण’ अशी खूण होते आणि जुन्या विनंत्या संग्रहात जातात. पान अगदी साधे आहे, पण त्यात मागणीला ठरलेला साचा आहे, हेतू उघड आहे आणि शेवट नोंदवला जातो. या तीन गोष्टींनी बरेच काम होते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘विकिपीडिया लायब्ररी’. २०१० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात प्रकाशकांशी बोलून संपादकांना सशुल्क संग्रह मोफत मिळवून दिले जातात. आज त्यात जेस्टोर, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा संस्थांसह शंभरच्या आसपास संग्रह आहेत. पात्रतेच्या अटी थोड्या आहेत: खाते किमान सहा महिन्यांचे, एकूण ५०० संपादने, गेल्या ३० दिवसांत किमान १० संपादने, आणि खात्यावर बंदी नको. संपादने कोणत्याही भाषेतल्या प्रकल्पावरची चालतात, म्हणजे केवळ मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्यालाही हे दार उघडे आहे. मराठी माहितीपर लेखकांपैकी फार थोड्यांना याची कल्पना आहे. अटींचे सौंदर्य असे की त्या पदवी किंवा ओळखपाळख विचारत नाहीत, केलेले काम विचारतात.

आता मागणीविषयी. ‘शिवकालीन आरमारावर कुणाकडे काही आहे का?’ अशी विचारणा जवळजवळ हमखास वाया जाते. उत्तर देणाऱ्याला आधी प्रश्न काय आहे ते ठरवावे लागते, मग आपल्याकडचे सगळे आठवावे लागते, मग यातले विचारणाऱ्याला काय माहीत असेल याचा अंदाज करावा लागतो. एवढे कष्ट कोण घेणार? याउलट लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष, हवे असलेले प्रकरण, आतापर्यंत कुठे शोधले, कशासाठी हवे आणि कधीपर्यंत, एवढे सांगितले तर ज्याच्याकडे ते पुस्तक आहे त्याला कपाटापर्यंत जाणे तेवढे उरते. आवृत्तीचा उल्लेख मराठीत विशेष गरजेचा. सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’ या इतिहासमालेच्या जुन्या भागांची आणि पुढच्या संपादित आवृत्तीची पृष्ठसंख्या जुळत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८३१ ची आणि १८५७ ची आवृत्ती यांत पुष्कळ फरक आहे. आवृत्ती न सांगता पान मागणारा चुकीचे पान मिळवतो आणि देणाऱ्याचेही श्रम फुकट घालवतो.

मोठ्या गटात प्रश्न विचारला की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते असे वाटते, पण उलटेही घडते. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले की साक्षीदार जितके जास्त तितकी प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते. पॅट्रिक मार्की यांनी २००० मध्ये चारशे इंटरनेट गप्पागटांत हेच तपासले. गटात माणसे जास्त असली की मदत मिळायला वेळ जास्त लागे. मात्र एखाद्याचे नाव घेऊन विचारले की हा परिणाम जवळजवळ नाहीसा होई. व्यवहारात याचा अर्थ असा की गटात कोणाकडे कशाचा संग्रह आहे, कोण कोणती लिपी वाचतो, कोणाचे कोणत्या ग्रंथालयात सदस्यत्व आहे याची एक सूची असावी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ज्याचे जाणे-येणे आहे आणि पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाजवळ जो राहतो, त्या दोघांची नावे ठाऊक असली तर प्रश्न थेट त्यांनाच जातो. परदेशातल्या मराठी अभ्यासकांचाही इथे खरा उपयोग आहे. हाथीट्रस्टसारख्या संग्रहात अनेक जुने ग्रंथ केवळ अमेरिकेतून पूर्ण उघडतात, कारण तिथला स्वामित्वहक्काचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षावर चालतो. न्यू जर्सीतला माणूस जे पान सहज पाहतो ते नाशिकच्या माणसाला दिसत नाही.

सूचीचा एक तोटा सांगायला हवा. नाव घेऊन विचारण्याची सोय झाली की चारपाच जाणत्यांवरच सगळा मारा होतो. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये इंटरनेट-समूहांविषयी एक ढोबळ प्रमाण मांडले: नव्वद टक्के केवळ वाचणारे, नऊ टक्के अधूनमधून भर घालणारे आणि एक टक्का बहुतेक भार वाहणारे. आकडा ढोबळच आहे, पण गट चालवणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. त्या एका टक्क्याला जपायचे तर ‘सध्या विनंत्या नकोत’ असे सांगण्याची मुभा त्याला असावी, आणि एका वेळी एकच मागणी असा संकेत बाकीच्यांनी पाळावा.

उरलेल्या नव्वदांना हलवायचे कसे, यावरही थोडे संशोधन झाले आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या मूव्हीलेन्स या चित्रपट सुचवणाऱ्या संकेतस्थळावर २००० नंतरच्या दशकात प्रयोग झाले. ‘तुमच्यासारखी आवड इथे फार थोड्यांची आहे, म्हणून तुमचे मत वेगळी भर घालते’ असे ज्यांना कळवले त्यांनी जास्त चित्रपटांना गुण दिले. ‘जमेल तेवढे करा’ या आवाहनापेक्षा ठरावीक लक्ष्य परिणामकारक ठरले, आणि एकेकट्याला दिलेल्या लक्ष्यापेक्षा गटाला मिळून दिलेल्या लक्ष्याने जास्त काम झाले. चित्रपटांना गुण देणे आणि दुर्मीळ पुस्तक स्कॅन करणे यांत अंतर आहे हे खरे. तरीही ‘सर्वांनी साधने द्यावीत’ या मोघम विनवणीपेक्षा ‘तुमच्याकडे सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या चळवळीची पत्रके आहेत, ती दुसऱ्या कुणाकडे दिसत नाहीत’ हे वाक्य जास्त काम करील, यात शंका वाटत नाही.

कौतुकाचे वजनही मोजले गेले आहे. विकिपीडियावर एक संपादक दुसऱ्याला ‘बार्नस्टार’ नावाचे चित्ररूप पदक देतो. त्यामागे पैसा नाही, अधिकार नाही. मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान दे रिज्ट यांनी सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून अशी पदके दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पदक मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेत साठ टक्क्यांनी अधिक राहिले. जर्मन विकिपीडियावर याना गालुस यांनी नवख्यांना दिलेल्या पुरस्कारांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्यातले टिकून राहणारे सुमारे वीस टक्क्यांनी वाढले. पदकांची मात्रा मात्र जपून हवी. रोज प्रत्येकाला फुलांचे चित्र पाठवणाऱ्या गटात कौतुकाला किंमत उरत नाही, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

लेखकाला सर्वांत प्रिय कौतुक म्हणजे छापील श्रेय. मराठी ग्रंथांत प्रस्तावनेच्या शेवटी ऋणनिर्देशाची सुंदर परंपरा आहे, परंतु तिच्यात तीस नावे एका दमात येतात आणि कोणी काय दिले हे कळत नाही. साधन जिथे वापरले तिथेच, तळटीपेत, ‘हे पत्र अमुक यांच्या संग्रहातून’ असे लिहिले तर दोन गोष्टी साधतात: देणाऱ्याचे नाव त्या माहितीशी जोडले जाते आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ कागद कुठे आहे ते समजते. दुसऱ्याने दाखवलेला संदर्भ स्वतः पाहिल्यासारखा नोंदवणे ही आपल्याकडची फार जुनी खोड. मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर ‘अमुक यांनी उद्धृत केलेले’ असे लिहावे. त्याने लेखकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट पान चुकीचे निघाले तर चूक कुठे शिरली तेही त्यामुळे उमगते.

दिलेले साधन कुठे साठते, हा प्रश्न बहुतेक गटांनी दुर्लक्षिलेला आहे. गप्पांच्या प्रवाहात टाकलेली फाइल आठवड्यात दिसेनाशी होते आणि तोच प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा येतो. पुनःपुन्हा तेच देणे हेही देणाऱ्याच्या थकव्याचे मोठे कारण. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. तिने कुणाला एकही पुस्तक दिले नाही, फक्त कोणते पुस्तक अस्तित्वात आहे हे सांगितले. तेवढ्यावर पुढच्या पिढ्यांचे संशोधन सुकर झाले. गटाची सामाईक सूची अशाच धर्तीची असावी: ग्रंथाचे नाव, कर्ता, वर्ष, कुठे पाहायला मिळेल, कोणी कळवले. त्यासाठी २००६ मध्ये आलेले झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे आहे. त्यात अनेकांना मिळून एक सामाईक संदर्भसंग्रह ठेवता येतो. साधा तक्ताही चालेल. फाइलला ‘स्कॅन००४’ असे नाव देणे आणि ती पाठवणे म्हणजे न पाठवल्यातच जमा.

दुवे नुसते नोंदवून भागत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवले की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून पान पाहिले त्याच दिवशी त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून तो दुवाही सूचीत लिहावा. मराठीत आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत तयार झालेल्या फाइलींतला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही. नक्कल करून चिकटवला तर अक्षरांची खिचडी होते. अशा फाइलींचे युनिकोडात रूपांतर आणि जुन्या छापील पानांचे मजकुरात रूपांतर ही गटाने वाटून घेण्याजोगी कामे आहेत. विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहावर याची पद्धत बसलेली आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे स्कॅन केलेले पान. यंत्राने वाचलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले की हिरवे. काम पानापानांत फोडलेले असल्याने ज्याच्याकडे फक्त वीस मिनिटे आहेत त्यालाही हातभार लावता येतो.

कायद्याची बाजू अनेकांना गुंतागुंतीची वाटते, पण नेहमीच्या गरजेपुरती ती फारशी अवघड नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवली गेली. गो. स. सरदेसाई १९५९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे स्वतःचे लेखन १ जानेवारी २०२० पासून सर्वांना खुले आहे. नंतरच्या संपादकांनी जोडलेल्या टिपा मात्र खुल्या नाहीत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावे लागेल. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाहून वेगळा मोजावा लागतो, हे पुष्कळ जण विसरतात. सरकारी प्रकाशनांची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे.

हक्क शिल्लक असलेल्या ग्रंथाचेही काहीच देता येत नाही असे नाही. कलम ५२ नुसार संशोधनासह खासगी वापरासाठी, तसेच टीका व परीक्षणासाठी केलेला रास्त वापर हा हक्कभंग ठरत नाही. एका अभ्यासकाला एक प्रकरण पाठवणे आणि संपूर्ण पुस्तक पाचशे जणांच्या गटात सोडणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी अभ्यासक्रमासाठीच्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. पण तो अध्यापनाच्या अपवादावर आधारलेला होता, सरसकट परवाना नव्हे. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हलाही पुस्तके डिजिटल रूपात उसनी देण्याच्या खटल्यात २०२४ मध्ये अपिलात हार पत्करावी लागली. मराठीत माहितीपर पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आसपास प्रतींची असते. हयात लेखकाच्या अशा पुस्तकाची पीडीएफ गटागटांतून फिरवणारा माणूस ‘ज्ञान मुक्त करतोय’ असे म्हणत असला तरी तो पुढच्या पुस्तकाची शक्यता मारत असतो. गटाने असल्या फाइली निःसंकोच काढून टाकाव्यात. तसे केले तरच प्रकाशक आणि लेखक अशा गटांशी बोलायला तयार होतात.

हक्कधारकाने आपणहून परवानगी देणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आणि त्यातला मजकूर श्रेय देऊन कुणालाही वापरता येऊ लागला. वैयक्तिक लेखकही आपले जुने, बाजारात नसलेले लेखन असेच मोकळे करू शकतो. खासगी पत्रे, रोजनिश्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती यांचा विचार वेगळा करावा लागतो. कागद ज्याच्या घरात आहेत तो त्यांचा मालक असेल, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, आणि त्यात हयात माणसांची नावे असू शकतात. असे साधन देताना कोणता भाग छापू नये हे लेखी ठरवून घेणे बरे.

नवागताशी कसे वागले जाते यावर पुढची पाच वर्षे ठरतात. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरत गेली. अ‍ॅरन हाफेकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्याचे एक कारण असे निघाले की सद्भावनेने केलेली नवख्यांची संपादनेही धडाधड उलटवली जात होती. ज्याने पहिल्यांदाच काही दिले त्याची फाइल तिरकी असेल, अर्धे पान कापलेले असेल. तरी ‘नियम वाचा’ हे त्याला ऐकायला मिळणारे पहिले वाक्य असू नये. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे मागायचे ते सोपे काम: एक तारीख पडताळणे, जवळच्या वाचनालयात एक अंक आहे का ते पाहणे. छोटे काम पार पडले की माणूस गटाचा होतो.

शेवटचा प्रश्न वारशाचा. अशा गटांची सामाईक सूची किंवा फाइलींचा साठा बहुतेकदा एका उत्साही माणसाच्या खात्यात असतो, आणि त्याचा उत्साह सरला, तब्येत बिघडली किंवा पासवर्ड हरवला की दहा वर्षांचे काम बंद कुलपात जाते. प्रवेशाचे अधिकार किमान तिघांकडे असावेत, सूचीची प्रत वर्षातून एकदा साध्या मजकूर-स्वरूपात उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि जे साहित्य कायद्याने खुले आहे ते इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिस्रोत अशा सार्वजनिक भांडारात चढवून टाकावे. खासगी साठ्यात फक्त तेवढेच राहू द्यावे जे बाहेर ठेवता येत नाही.